समुद्र दिसेलच, आधी डम्प स्टेशन कुठे आहे ते पाहा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोटारहोम सहलींचे लेख येऊ लागतात. बे एरियात किंवा सिएटलला मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील ते वाचतात, मुलांना दाखवतात आणि पंधरा दिवसांत गाडी ठरतेही. लेखांत सूर्यास्त असतो, बिग सरचे कडे असतात, पिएद्रास ब्लांकासच्या वाळूवर लोळणारे हत्ती-सील असतात. टाक्यांविषयी मात्र अवाक्षर नसते. मोटारहोम ही चाकांवरची छोटी नगरपालिका आहे. पाणीपुरवठा, सांडपाणी, मैला, वीज, गॅस अशी सगळी खाती तिच्यात आहेत आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी तुम्हीच. ही खाती कशी चालतात ते ठाऊक नसेल तर तिसऱ्या दिवशी भर समुद्रकाठी नाक दाबून बसायची वेळ येते. म्हणून हे लांबलेले पत्र.

गाडीच्या आधी जागा धरावी. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांतल्या किनाऱ्यालगतच्या जागा सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजता खुल्या होतात. १० जुलैची रात्र हवी असेल तर १० जानेवारीला त्या वेळी संगणकासमोर बसलेले असावे. पुण्याहून आजोबा हे काम करणार असतील तर जानेवारीत भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तिकडे उन्हाळी वेळ सुरू झाली की साडेआठ. कार्पिन्टेरिया, सॅन क्लेमेंटे, मॉरो बे ही नावे शनिवार-रविवारसाठी बघता बघता संपतात. तारखा हलवता येत असतील तर मंगळवार-बुधवार पाहावेत, आणि प्रवासाच्या आदल्या आठवड्यात रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवावे. तेव्हा बऱ्याच सुटतात. ओरेगॉनची राज्य उद्यानेही सहा महिने आधी बुक होतात. तिथे राज्याबाहेरच्या लोकांना आरव्हीच्या, म्हणजे मोटारहोमसारख्या राहत्या गाडीच्या, जागेसाठी २५ टक्के जादा मोजावे लागतात, हे हिशेबात धरावे.

कोट्यवधी डॉलरच्या बंगल्यांशेजारी, अगदी लाटांच्या तोंडाशी, सामान्य माणसाला परवडणाऱ्या या जागा टिकल्या कशा, असा प्रश्न पडतो. कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या किनारा कायद्यात कमी खर्चाच्या पर्यटन सोयी जपाव्यात असे स्पष्ट कलम आहे. ओरेगॉनने त्याआधी १९६७ मध्येच आपली पुळण सर्वांसाठी खुली ठेवण्याचा कायदा केला. आरव्ही पार्क हे निव्वळ हौशी लोकांचे खूळ नाही, त्यामागे असे कायदे उभे आहेत.

जागा बुक करताना ‘हूकअप’ हा शब्द नीट वाचावा. फुल हूकअप म्हणजे जागेवरच पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्याचे तोंड. पार्शल म्हणजे बहुधा पाणी आणि वीज. काहीच लिहिले नसेल तर ती ‘ड्राय’ जागा: सपाट पट्टा, बाक, शेकोटीचे कडे, बस. कॅलिफोर्नियाच्या सरकारी किनाऱ्यांवर बहुतेक जागा ड्राय असतात. रेफ्युजिओ, एल कॅपिटान, सॅन सिमियन इथे हूकअप नाही. सॅन सिमियनला निदान डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, आहे. व्हेंचुराजवळचे एमा वूड आणि रिंकन पार्कवे तर समुद्राला इतके खेटून आहेत की लाटेचे तुषार काचेवर येतात, पण तिथे सगळी मदार स्वतःच्या टाक्यांवर. कार्पिन्टेरिया, सॅन क्लेमेंटे आणि मॉरो बे इथे काही जागांना हूकअप मिळते. ओरेगॉन या बाबतीत उदार आहे. दक्षिणेच्या हॅरिस बीचपासून बुलार्ड्स बीच, हनीमन, साउथ बीच, बेव्हर्ली बीच ते थेट कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या फोर्ट स्टीव्हन्सपर्यंत हूकअपच्या जागा भरपूर आहेत. पहिलीच सहल असेल तर आमचा सल्ला ओरेगॉनचा. कॅलिफोर्नियाच करायचे असेल तर दोन रात्री ड्राय आणि तिसरी फुल हूकअप असलेल्या खासगी पार्कात, असा ताल धरावा. खासगी पार्क महाग पडतो, पण तिसऱ्या दिवशी टाक्या रिकाम्या होतात, कपडे धुऊन निघतात आणि घरातली भांडणेही मिटतात.

गाडीची लांबी ठरवताना हाव नको. चार माणसांना २५ फुटी पुरते. ३० फुटी घेतली की निम्म्या जागा हातच्या जातात. बिग सरमधल्या फायफर उद्यानात मोटारहोमची मर्यादा ३२ फूट आहे, कर्क क्रीकला त्याहून कमी. जागेपुढे लिहिलेली लांबी गाडीच्या शेपटासकट मोजायची असते, आणि ते शेपूटच खरे दुखणे. मागच्या चाकांच्या मागे सहा-आठ फूट सांगाडा लोंबत असतो. डावीकडे वळलात की तो उजवीकडे झुकतो आणि पेट्रोल पंपाचा खांब नेमका तिथेच असतो. पंपावरून निघताना आधी सरळ पुढे यावे, शेपूट खांबाच्या पुढे गेले की मगच वळावे. उंची साधारण १२ फूट धरावी आणि तो आकडा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावा. ड्राइव्ह-थ्रू, बहुमजली पार्किंग आणि उद्यानांतल्या आडव्या फांद्या या तीन ठिकाणी छत फाटते, आणि भाड्याच्या अनेक करारांत छताचे नुकसान विम्यात बसत नाही. करारातले ते कलम सही करण्याआधी शोधून वाचावे. गाडी चालू असताना कुणीही उठून चहा करायला जायचे नाही. पट्टा सगळ्यांना, आजींनासुद्धा.

हायवे १ ने बिग सर करायचे तर दिशेचा विचार आधी व्हावा. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र तुमच्या बाजूला असतो. थांबे सहज हाताशी येतात, फोटो चांगले येतात. पण साडेआठ फूट रुंद गाडीची उजवी चाके कड्याच्या अंगाला असतात, आणि नवख्या चालकाची नजर रस्ता सोडून खाली जाते. ज्याने मोठी गाडी कधी हाकलेली नाही त्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे, डोंगराच्या कुशीने. कार्मेल ते सॅन सिमियन अंतर ९० मैलांच्या आसपास. कारने अडीच तास म्हणतात तिथे आरव्हीला चार धरावेत. मागे पाच गाड्या साचल्या की टर्नआउटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबण्याच्या जागेत, शिरून त्यांना वाट देणे हा कॅलिफोर्नियात शिष्टाचार नाही, कायदा आहे. पेट्रोलची टाकी कार्मेल किंवा कॅम्ब्रियालाच भरावी. मधले पंप थोडे आणि महाग, फोनला रेंज नाही. गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते. रस्त्याकडेला रात्र काढायचा बेत करू नये, बिग सरमध्ये त्याला दंड होतो. आणि निघण्याच्या दिवशी सकाळी रस्ता चालू आहे का ते पाहावे. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला डोंगर कोसळला तेव्हा रस्ता सुरू व्हायला २०१८ चा जुलै उजाडला. २०२१ च्या जानेवारीत रॅट क्रीकला रस्त्याचा तुकडाच समुद्रात गेला. हा रस्ता पावसाळ्यानंतरच्या आपल्या घाटांसारखाच बेभरवशाचा.

आता टाक्या. भाड्याच्या २५ फुटी गाडीत साधारण ४० गॅलन, म्हणजे १५० लिटर, चांगल्या पाण्याची टाकी असते. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी ग्रे टँकमध्ये जाते, संडासाचे ब्लॅक टँकमध्ये. या दोन्ही तीस-तीस गॅलनच्या आसपास, म्हणजे प्रत्येकी सुमारे ११५ लिटर. नेमके आकडे गाडी ताब्यात घेताना विचारून लिहून ठेवावेत. आधी भरते ती ग्रे. पाच मिनिटांच्या शॉवरला ३० लिटर धरले तर चौघांच्या आंघोळी होईतो टाकी काठोकाठ, आणि मग ते पाणी उलटे न्हाणीच्या तळातून वर येते. म्हणून ड्राय जागेवर आंघोळ पार्कच्या न्हाणीघरात करावी. ओरेगॉनच्या राज्य उद्यानांत ती फुकट असते, कॅलिफोर्नियात अनेक ठिकाणी नाणी किंवा टोकन लागते. भांडी घासण्याआधी कागदाने पुसून घ्यावीत. आमटीचे तेल आणि भाताची शिते ग्रे टँकमध्ये गेली की दोन दिवसांत जो वास सुटतो तो संडासाच्या टाकीलाही मागे टाकतो. ग्रे पाणी ‘साबणाचेच तर आहे’ म्हणून झुडपात सोडणे बेकायदा आहे.

ब्लॅक टँकबद्दल अमेरिकी माहितीपत्रके जे सांगतात ते आपल्याकडच्या माणसांना जसेच्या तसे लागू होत नाही. त्यांचा सगळा धाक संडासातल्या कागदाचा असतो. कमी पाणी आणि जास्त कागद यांमुळे भांड्याखाली टाकीत ढीग साचतो, सुकतो आणि मग कशानेही हलत नाही. पाणी वापरणाऱ्या घरात हा धोका जवळजवळ उरत नाही. दुसरा उभा राहतो: टाकी लवकर भरते. दर खेपेला फ्लश आणि धुण्याचे पाणी मिळून दोन लिटर, चौघांच्या रोजच्या पाच-पाच खेपा, म्हणजे दिवसाला ४० लिटर. ११५ लिटरची टाकी तिसऱ्या दिवशी दाराशी उभी. हा हिशेब बोटांवर ठेवावा, टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या दिव्यांवर विसंबू नये. टाकीतल्या सेन्सरला कागदाचा कपटा चिकटला की रिकामी टाकीही दोनतृतीयांश भरलेली दिसते. टाकीत वेट वाइप्स टाकू नयेत, पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिले असले तरीही. कागद वापरणाऱ्यांनी लवकर विरघळणारा, आरव्हीचा घ्यावा.

फुल हूकअप मिळाले की नवखे लोक नळी जोडतात आणि ब्लॅकची झडप उघडीच ठेवून निवांत बसतात. सर्वांत महाग चूक हीच. पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग टाकीत राहतो, आणि गाडी परत करताना कंपनी साफसफाईचे वेगळे बिल हातात ठेवते. ब्लॅकची झडप कायम बंद. टाकी निदान दोनतृतीयांश भरली की एकदाच उघडायची, म्हणजे लोंढ्याबरोबर सगळे जाते.

रिकामी करण्याची रीत अशी. हातमोजे घालावेत. गाडीच्या सांडपाण्याच्या तोंडाचे टोपण काढण्याआधी दोन्ही झडपा बंद आहेत याची खात्री करावी, नाहीतर पायावर प्रसाद मिळतो. तीन इंची नळीचे एक टोक गाडीच्या तोंडाला लावून पाव फेरा फिरवावे आणि कड्या बसल्याचे हाताने ओढून पाहावे. दुसरे टोक जमिनीतल्या तोंडात कोपऱ्याच्या जोडासह घट्ट बसवावे. जोड सैल असेल तर वर दगड ठेवावा. लोंढा सुटला की नळी सापासारखी उसळते. आधी ब्लॅक उघडावी. आवाज थांबेपर्यंत धीर धरावा, मग आतून संडासात एक-दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा वाहू द्यावे. ब्लॅक बंद. आता ग्रे उघडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते, क्रम यासाठीच. ग्रे बंद करून नळी गाडीच्या बाजूने उचलत उचलत निथळवावी, मगच सोडवावी. शेवटी ब्लॅक टँकमध्ये दहा लिटर पाणी आणि औषधाची पुडी. डम्प स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात. धुण्यासाठीच्या नळावर ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी असते. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी त्या नळाला कधीही लावू नये, तिथे टेकवूसुद्धा नये. दोन्ही नळ्या गाडीत वेगवेगळ्या खणांत ठेवाव्यात.

पिण्याच्या नळावरून पाणी घेताना मधे प्रेशर रेग्युलेटर हवा, ४० ते ५० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे एकक). आपल्याला हे सुचत नाही, कारण गच्चीवरच्या टाकीतून तीन मजले खाली येणाऱ्या पाण्याला जेमतेम १४-१५ पीएसआय दाब असतो. तिकडच्या काही पार्कांत १०० च्या पुढे दाब मिळतो आणि गाडीतल्या प्लास्टिकच्या नळीचा सांधा रात्री दोन वाजता सुटतो. बाहेर जाताना आणि झोपताना नळ बंद करायची सवय लावावी.

विजेचा खांब तपासायला मिनिटभर पुरते. भाड्याच्या बहुतेक गाड्या ३० अँपिअरच्या: १२० व्होल्टवर ३६०० वॉट. मायक्रोवेव्ह, किटली आणि छोटा हीटर यांतले कुठलेही दोनच एका वेळी. तिसरे लावले की खटका पडतो. खांबावरचा खटका आधी बंद करावा, प्लग बसवावा, मग चालू. किनाऱ्यावर खारी हवा खोबणीतल्या पट्ट्या खाते. सांधा ढिला पडला की तापतो आणि प्लग वितळतो. खोबण काळवंडलेली दिसली तर तिथे जोडू नये, कार्यालयातून दुसरी जागा मागावी. सर्ज प्रोटेक्टर स्वतःचा असला तर उत्तम. भारतातून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे चालत नाही. चटणी घरून वाटून न्यावी.

हूकअप नसेल तेव्हा भिस्त बॅटरीवर. इथे गडबड होते ती थंडीमुळे. जुलै असला तरी किनाऱ्यावर रात्री १०-१२ अंश होतात आणि धुके सकाळी अकरापर्यंत हटत नाही. हीटर प्रोपेनवर चालतो, हे खरे, पण त्याचा पंखा बॅटरीवर, तासाला सुमारे ७ अँपिअर-तास. रात्रभर निम्मा वेळ चालला तरी दहा तासांत ३५ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच काढायचे असतात, आणि संध्याकाळी दिवे, पंप, फोन यांत थोडे आधीच गेलेले असतात. पहाटे व्होल्टेज पडले की पंखा हळू फिरतो, हवेच्या झोताने मिटणारा सुरक्षेचा स्विच मिटत नाही आणि बर्नर पेटतच नाही. लोक समजतात गॅस संपला. बॅटरीच्या मीटरवर संध्याकाळी १२.५ व्होल्टच्या वर दिसावे, १२.१ म्हणजे निम्मी संपली. बॅटरी जेवणाआधी जनरेटरने भरून घ्यावी, कारण कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत जनरेटर रात्री ८ ते सकाळी १० या वेळेत लावता येत नाही. जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि टाकी पाव उरली की मुद्दाम बंद पडतो, पंपापर्यंत पोहोचायला पेट्रोल राहावे म्हणून. कुणाला रात्री श्वसनाचे यंत्र लागत असेल तर ड्राय जागा घेऊच नये. आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून कुणी झोपू नये. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरतात.

फ्रीज गॅसवरचा असेल तर गाडी सपाट उभी हवी. त्यातला अमोनिया गुरुत्वाच्या जोरावर फिरतो, गाडी कलती असली की तो अडतो आणि दही आंबून फुगते. चाकाखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून पातळी साधावी, मग अडणी लावावी. फ्रीज थंड व्हायला आठ-दहा तास घेतो, म्हणून आदल्या रात्रीच चालू करून आधीच गार केलेले जिन्नस भरावेत.

स्वयंपाकाविषयी एकच गोष्ट सांगण्यासारखी, पण मराठी घराला महत्त्वाची. मोहरी-हिंगाच्या पहिल्याच फोडणीला धुराचा अलार्म किंचाळतो. त्यातली बॅटरी काढून ठेवू नये. छतावरचा पंखा आधी बाहेर फेकणाऱ्या दिशेला लावावा, समोरची खिडकी बोटभर उघडावी, मग तेल तापवावे. सरळ मार्ग म्हणजे छोटी शेगडी बाकावर ठेवून फोडणी आणि मासे बाहेरच करावेत. माशांचा वास गाद्यांत बसला की गाडी परत करताना त्याचेही पैसे लागतात. जमिनीलगत दुसरा अलार्म असतो, तो प्रोपेनचा. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली बसवलेला. केसांच्या स्प्रेनेसुद्धा तो वाजतो, पण वाजला की आधी सगळ्यांनी बाहेर पडावे, बाहेरून गॅस बंद करावा, कारण नंतर शोधावे. कुकर गॅसवर उत्तम चालतो. हळदीचे डाग मात्र त्या पांढऱ्या ओट्यावरून जात नाहीत.

किनाऱ्याचे स्वतःचे काही जाच आहेत. छज्जा, म्हणजे बाहेर उघडणारी कापडी चांदणी, झोपताना आणि गाडी सोडून जाताना गुंडाळलीच पाहिजे. दुपारी सुटलेला वारा तिचे हात मुळापासून पिळतो. ओरेगॉनच्या लांब, अरुंद पुलांवर, न्यूपोर्टचा १९३६ चा याक्विना बे पूल हे ठळक उदाहरण, उंच गाडीला आडवा वारा ढकलतो. वेग कमी ठेवून दोन्ही हात चाकावर. पुळणीवर गाडी नेण्याचा मोह कॅलिफोर्नियात ओशिआनो ड्यून्स सोडून कुठे करू नये, आणि भाड्याची गाडी तर तिथेही नाही. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर निळे-पांढरे त्सुनामीचे फलक दिसतात, ते शोभेचे नाहीत. समोरच्या कॅस्केडिया भ्रंशावर २६ जानेवारी १७०० ला महाभूकंप होऊन लाट थेट जपानपर्यंत गेली होती. जागेवर पोहोचलात की उंचावर नेणारी वाट पायी चालून पाहावी. जमीन जोरात हादरली तर सायरनची वाट न पाहता, गाडी तिथेच सोडून चालत सुटायचे.

निघण्याच्या सकाळी एकाने, एकट्याने, बोलणाऱ्यांना दूर ठेवून गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारावी: वीज, पाणी, सांडपाण्याची नळी, पायरी, चांदणी, छतावरची झडप, गाडीच्या बाजूने बाहेर सरकवलेली खोली, फ्रीजची कडी. दोघांनी मिळून केले की ‘मला वाटले तू काढलीस’ होते आणि केबल खांबासकट येते.

हे सगळे मराठी वृत्तपत्राला लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात कॅराव्हॅन पार्कांचीही कल्पना आहे. रेवस ते रेडी किनारा, आगरदांडा-दिघी आणि दाभोळ-धोपावे या फेरीबोटी, मधली गावे हे सगळे अशा प्रवासाला जन्मतःच अनुकूल आहे. पण कोकणात पार्क उभारणाऱ्याने पोहण्याचा तलाव आणि सेल्फी पॉइंट यांच्या आधी मैल्याचा विचार करावा. तिथे जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी झपाट्याने मुरते आणि शेजारच्या वाडीतली विहीर तीच. दहा गाड्यांच्या ब्लॅक टँक साध्या शोषखड्ड्यात सोडल्या तर पावसाळ्यात त्याचा हिशेब विहिरीत लागेल. टाकीत वापरायच्या काही औषधांनी सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतूही मरतात. त्यामुळे पक्की, बंद टाकी, ती उपसून नेण्याची व्यवस्था आणि पार्कात चालणाऱ्या औषधांची यादी दरवाज्यावरच लावलेली हवी. डम्प स्टेशनला उतार असलेला सिमेंटचा ओटा हवा, आणि पिण्याचा नळ तिथून लांब.

विजेचे काम उलट सोपे आहे. आपली १६ अँपिअरची खोबण २३० व्होल्टवर ३६८० वॉट देते, म्हणजे अमेरिकेच्या ३० अँपिअरच्या खांबाइतकीच ताकद. प्रत्येक जागेला अशी एक जलरोधक खोबण, स्वतंत्र वीजगळती-रोधक स्विच आणि नीट अर्थिंग एवढे पुरे. खाऱ्या हवेत दरवर्षी पट्ट्या बदलण्याचा खर्च मात्र धरावा. जागा दहा बाय पाच मीटर असली तर तिथे फळीसारखी सपाट पट्टी पाहिजे, बाकी खडी चालेल. भरतीच्या रेषेपासूनचे किनारा नियमन क्षेत्राचे अंतर नकाशावर आधी आखून घ्यावे. आणि सावलीसाठी म्हणून जागा माडांखाली काढू नयेत. नारळ पडला की फायबरच्या छताला थेट भोक पडते, आणि आत कुणी झोपलेले असू शकते. आंबा, फणस, उंडी यांच्या सावलीत गाडी लावावी. माड समोर दिसले म्हणजे झाले.

कळावे,
आपले,
मोटारहोम वापरणारे काही मराठी वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया